ओवाळून टाकलेला तुकडा

वैजयंतीचा डोळा लागतो आहे. पुरता लागलेला नाही. डोक्यावरचा पंखा ऐकू येतो आहे, कॉलनीच्या टोकाला भंगारवाला ओरडत चालला आहे तोही ऐकू येतो आहे, आणि डाव्या दंडाला जो ठणका लागला आहे तो तर काही केल्या विसरू देत नाही. दंडावर दातांचे ठसे आहेत. वरची ओळ, खालची ओळ आणि मधे पडलेल्या दातांची मोकळी जागा. राणीचे पुढचे दोन दात नुकतेच पडले. 'आता चावणं तरी थांबेल,' असं निशिकांत म्हणाला होता. निशिकांत, वैजयंतीचा नवरा, साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याचे अंदाज तिथे बरोबर येतात.

राणी सात वर्षांची आहे. दिवाळी झाली आणि ती या कराडातल्या घरात आली, संस्थेतून, दत्तक म्हणून. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, दवाखाने संपले होते, नवस संपले होते. तान्ह्या मुलासाठी रांग मोठी आणि या दोघांची वयं चाळिशीपुढची, म्हणून मोठी मुलगी. संस्थेत येण्याआधी राणी एका वीटभट्टीवर होती, आई वारल्यावर कुणा नातेवाइकाने तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं, दिवसचे दिवस उपाशी, एवढं संस्थेने सांगितलं. बाकीचं तिच्या अंगावर आहे, आणि ती अंगाला हात लावू देत नाही. तीही कुणाला लावत नाही.

आल्यापासून ती खाणं लपवते. उशीच्या अभ्र्यात चपाती, दप्तरात भात, फ्रॉकच्या घडीत शंकरपाळे. समजावून झालं, रागावून झालं, देवाशपथ घेऊन झालं. आज जेवायच्या वेळी वैजयंतीने तिचं कपाट उघडलं तर आत मुंग्यांची पलटण आणि बुरशी धरलेल्या भाकऱ्या. तिने ते सगळं सुपात भरलं आणि कचऱ्याच्या डब्यात नेऊन उपडं केलं. राणी दारात उभी राहून बघत होती. मग ती चावली. नुसती चावली नाही, दंडाला लोंबकळली. सुटका झाल्यावर वैजयंतीने हात नळाखाली धरला आणि ओल्या हातानेच संस्थेत फोन लावला.

"मॅडम, मला नाही जमत. तिला परत घेऊन जा."

पलीकडे संस्थेच्या मॅडम होत्या. दत्तकाचा हुकूम अजून झालेला नाही, कागदोपत्री मूल संस्थेचंच आहे, त्यामुळे नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती. "मी संध्याकाळी फोन करते," त्या म्हणाल्या. "तोवर विचार करा. ठरलंच असेल तर उद्या गाडी पाठवते."

ठरलंच आहे. एकदा ठरलं की माणसाला झोप लागते म्हणतात. जेवणाची ताटं तशीच वाळत पडली आहेत, राणी तिच्या खोलीत दार लावून बसली आहे, आणि वैजयंती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. भंगारवाल्याचा आवाज लांब जातो. पंख्याचा आवाज जवळ येतो.

कॉटची कड खचते. पायाशी कुणीतरी येऊन बसलं आहे.

"झोपलीस का गं, वैजू?"

"नाही. नुसती पडलेय."

"मग ऊठ आणि चहा टाक. साखर तीन चमचे."

"तुम्हाला डायबेटिस आहे."

"होता," नलूताई म्हणतात.

नलूताई शेवाळे बसल्या आहेत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर हेल्मेट. तीस वर्षं त्यांनी संस्थेतली मुलं घरोघर पोचवली, आणि पोचवून झाल्यावर त्या घरांचा पिच्छा कधी सोडला नाही. राणी आल्यापासून दर आठवड्याला त्या स्कूटरवरून यायच्या, न विचारता स्वयंपाकघरात शिरायच्या, डबे उघडून बघायच्या, वैजयंतीला पोटभर रडू द्यायच्या आणि हसवून निघून जायच्या. पौषात एका सकाळी स्कूटरला किक मारता मारताच त्या गेल्या. वैजयंती त्यांच्या तेराव्याला जाऊन आली आहे. तिथे तिने जिलबीसुद्धा खाल्ली आहे. त्यामुळे तिला आता जरा अवघडल्यासारखं होतं.

"तुम्ही हेल्मेट घालून आलात?"

"लागत नाही आता. सवय गं, दुसरं काय."

त्यांना बघून वैजयंतीला इतकं बरं वाटतं की त्या गेलेल्या आहेत हे बोलून दाखवणं तिला उद्धटपणाचं वाटतं. ती उठते. स्वयंपाकघर खोलीला लागूनच आहे, पण आज ते बरंच लांब आहे. आधण ठेवताना तिच्या लक्षात येतं की भांडं केवढं तरी मोठं आहे, बैठकीला लागायचं तेवढं. चहा उकळतो. ती गाळणं शोधायला वळते तर मागची भिंत नाही. तिथे संस्थेचा व्हरांडा आहे, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत आणि सगळे येऊन बसले आहेत.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नलूताई दत्तक आई-बापांची बैठक घ्यायच्या. तिथे कुणी मुलांचं कौतुक सांगायचं नाही, असा दंडक होता. 'कौतुक नातेवाइकांना सांगा, इथे रडगाणी आणा,' असं त्या म्हणायच्या, आणि लोक खरोखर पिशव्या भरून रडगाणी आणायचे. विट्याचे देवकुळे नवरा-बायको, ज्यांचा मुलगा वर्षभर पलंगावर झोपायला तयार नव्हता, पलंगाखालीच झोपायचा. ओगलेवाडीच्या मास्तरीणबाई, ज्या एकट्या राहतात आणि ज्यांच्या मुलीने पहिल्याच महिन्यात त्यांचे सगळे चष्मे फोडले होते. हे सगळे आज बसले आहेत. वैजयंती कपबशा देत फिरते. देता देता तिचा पदर सरकतो, दंडावरचे ठसे दिसतात आणि ती घाईने पदर ओढून घेते.

"लपवतेस काय?" नलूताई म्हणतात. "दाखवा रे हिला."

सगळे बाह्या वर करतात. सगळ्यांच्या दंडांवर ठसे आहेत. मास्तरीणबाईंच्या तर मनगटावरही आहेत, आणि त्या ते बांगड्या दाखवाव्यात तसे हात फिरवून दाखवतात.

"आमचा आता चावत नाही," देवकुळे म्हणतात.

"मग काय करतो?" वैजयंती विचारते.

"उलटं बोलतो."

"सुख आहे हो," देवकुळे वहिनी मनापासून म्हणतात आणि बशीतला चहा फुंकतात.

वैजयंतीला हसू येतं. किती दिवसांनी येतं आहे. नलूताई चहाचा घोट घेतात, डोळे मिटतात, साखर जिभेवर घोळवतात.

"बैठक शेवटची कधी झाली गं ही?"

"तुम्ही होतात तेव्हा."

"म्हणजे मला जाळलंत ते ठीक आहे. पण बैठकसुद्धा माझ्याबरोबर सरणावर ठेवलीत?"

देवकुळे आपल्या पायांकडे बघतात. ही बाई मेल्यावरही बोलणी ऐकवायची सोडत नाही, असं वैजयंतीला वाटतं, आणि त्याच बोलण्यांसाठी आपण इतके दिवस आसुसलो होतो हेही कळतं. मग जे सांगायचं ते ती एका दमात सांगून टाकते.

"मला नाही जमत, नलूताई. मी तिला परत पाठवतेय. मॅडमना सांगून झालंय."

"बरं."

"रागवा ना."

"रागवायला मी काय आता पगारावर आहे? पाठवायचं तर पाठव. पण नीट पाठव. तू पोस्टातली आहेस, तुला मी काय शिकवू?"

वैजयंतीच्या हातात शिक्का आहे. ती काउंटरवर बसली आहे, कराडच्या पोस्टात, जिथे ती वीस वर्षं बसते आणि राणीसाठी सध्या रजेवर आहे. समोर जाळी, जाळीपलीकडे रांग, आणि रांगेत सगळ्यात पुढे नलूताई. त्यांनी काट्यावर एक पार्सल ठेवलं आहे. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, कोपरे व्यवस्थित मुडपलेले. वैजयंती हात लावते. कापड गरम आहे, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखं.

"आत काय आहे?"

"तुला माहीत आहे. लिही. पाठवणाऱ्याचं नाव, वैजयंती निशिकांत पाटणकर."

"मी?"

"मग काय मी?"

ती लिहिते. नाव छान उमटतं. "आणि घेणाऱ्याचं?"

"ते तू सांगायचंस."

रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागतात. वैजयंती आठवून बघते. वीटभट्टी, पण भट्टी तर पाऊस आला की मोडतात, तिला कुठला पत्ता. तो नातेवाईक, त्याचं नावही घ्यावंसं वाटत नाही. मग ती संस्थेचा पत्ता लिहायला घेते. पेन फिरतं पण शाई कापडावर धरतच नाही. ती दुसरं पेन घेते. तेही नाही.

"संस्थेचा पत्ता उमटत नाहीये, नलूताई."

"नाही उमटणार. तिथे मुलं वाट बघायला ठेवलेली असतात." त्या जाळीला नाक लावून आत बघतात. "पत्ता नसलेलं पार्सल कुठे जातं गं?"

"कुठेच जात नाही," वैजयंती सवयीने सांगते, गिऱ्हाइकाला सांगावं तशी. "पडून राहतं. गोदामात."

मांजरपाटाच्या आत कुणीतरी हळूच खोकतं, झोपेतलं पोर खोकतं तसं. वैजयंती शिक्का खाली ठेवते. पार्सल उचलून छातीशी धरते, काउंटरची फळी वर करते आणि बाहेर येते.

बाहेर तिच्याच घराचं दार आहे. झेंडूचं तोरण आहे, दाराशी माणसांची ही गर्दी. हातात पार्सल नाही. वैजयंतीला गर्दीतल्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, नुसत्या कंबरा दिसतात, निऱ्या दिसतात, पिशव्या धरलेले हात दिसतात. ती फार बुटकी झाली आहे. पायात नवे बूट आहेत, ते चावताहेत. पहाटे संस्थेतून निघताना घेतलेलं चहा-बिस्कीट सोडलं तर पोटात काही नाही, आणि गाडीत ओकारी होईल म्हणून कुणी काही दिलंही नाही. उंबरठ्यापलीकडे एक म्हातारी उभी आहे. ही हिरवी बांगडी, ही तर सासूबाई. त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या आहे आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

ताजी भाकरी आहे. तव्यावरून नुकतीच उतरलेली, पापुद्रा सुटलेली. वास थेट पोटात जातो. हात तिच्या डोक्याकडे येतो. तिला वाटतं, देताहेत. ती तोंड वर करते. हात डोक्याभोवती फिरतो, एकदा, पुन्हा, पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तुकडा नाकासमोरून जातो. मग तो हात वर उठतो आणि भाकरी फेकून देतो. अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे, कुंपणापलीकडे, गटारात. आणि सगळे खूश होतात.

ती पळते. उंबरठा राहतो बाजूला, ती तुकड्यामागे पळते. मागून एक हात दंडाला धरून ओढतो.

"अगं अगं, शिवू नकोस! टाकायचंच असतं ते!"

"भूक लागली वाटतं बयेला," कुणीतरी म्हणतं आणि सगळे हसतात. प्रेमाने हसतात. गर्दीत नलूताई आहेत. हेल्मेट कोपरात अडकवून त्या टाळ्या वाजवताहेत. आणि त्यांच्या शेजारी भरजरी साडीत, आनंदाने डोळे भरून आलेली, एक बाई उभी आहे. ती वैजयंती आहे. दंड तिनेच धरला आहे.

मग गर्दी नसते. तोरण वाळून गेलेलं असतं. वैजयंती पुन्हा आपल्या मापाची होते आणि दारातल्या पायरीवर बसते, आणि तिला रडू फुटतं. हुंदके देऊन ती रडते, लाज सोडून रडते. इतके महिने त्या दिवसाची आठवण तिने गोड म्हणून जपली होती. येईल त्याला सांगत होती, आमची राणी कशी पहिल्याच दिवशी भाकरीमागे धावली, केवढी गंमत.

"दिसलं?" नलूताई विचारतात. त्या मागे, वरच्या पायरीवर बसल्या आहेत.

"तिला वाटलं, या घरात चांगली भाकरी टाकून देतात."

"हं. आणि पुढचं?"

पुढचं वैजयंतीला माहीत आहे. जे भाकरी टाकून देतात ते उद्या कुणालाही टाकून देतील. म्हणून पोर साठवत होती. पण तिला ते तोंडाने म्हणवत नाही.

"मी तिथेच होते की गं," नलूताई म्हणतात. "तीस वर्षं ज्या ज्या दारात मूल नेलं त्या त्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आपल्यात टाकतातच. सुनेवरून टाकतात, बाळंतिणीवरून टाकतात, दृष्ट लागू नये म्हणून. मी शंभर गोष्टी सांगायचे आई-बापांना. एकदम मिठी मारू नका, अंधारात एकटं ठेवू नका, नाव बदलू नका. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही."

"सासूबाईंनी तर प्रेमानं केलं."

"प्रेमानंच. म्हणून तर कुणाला कळलं नाही."

"तुम्हाला मग कधी कळलं?"

"गेल्यावर. तिथे वेळच वेळ आहे आणि काम काही नाही. बसून एकेका मुलाचा चेहरा आठवते. दारातला."

हे सांगताना नलूताईंचा आवाज प्रथमच जरा खाली येतो. वैजयंतीला मागे वळून त्यांचा हात धरावासा वाटतो, पण डोकं वळत नाही. कुणीतरी केस धरून ठेवले आहेत. हलकासा हिसका बसतो.

"आणि आज मी पुन्हा टाकलं," ती म्हणते. "तिच्यासमोर. सूप भरून."

"हं."

"बुरशी आली होती हो."

"बुरशी आलेलं टाकायचंच. पण आधी ताजं द्यायचं. एक डबा दे तिला. तिचा स्वतःचा. तिच्या हाताला येईल अशा जागी ठेव, झाकण सैल असू दे, आणि तो कधी, कधीही रिकामा होऊ देऊ नकोस. रात्री उठून बघेल, बघू दे. शाळेत नेईल, नेऊ दे. वर्ष लागेल, दोन लागतील. एक दिवस ती डबा भरायचं विसरलीस म्हणून तुझ्यावर ओरडेल. त्या दिवशी पेढे वाट."

"आणि तोवर?"

"तोवर मुंग्या. मुंग्यांनी कुणाचं घर बसलेलं मी ऐकलं नाही."

वैजयंती रडता रडता हसते. पुन्हा केसांना हिसका बसतो, या वेळी जरा जोरात, आणि टाळूपासून मानेपर्यंत काहीतरी सरळ रेघ मारत खाली येतं.

"ती मला कधी हात लावत नाही, नलूताई. चावायला सोडून."

"चावायला जवळ यावं लागतं, बाई."

"तुम्ही पुन्हा याल?"

"मला कशाला बोलावतेस? शेजारीपाजारी घाबरतील. देवकुळ्यांना बोलाव. मास्तरीणबाईंना बोलाव. जिवंत माणसं आहेत, चहा पितात, फोन उचलतात. सगळं एकटीनं ओढायला तू काय बैल आहेस?" त्या उठतात. स्कूटर चालू झाल्याचा आवाज येतो, तो पंख्याच्या आवाजात मिसळतो. "चल. रस्त्यात लावलीय गाडी."

"थांबा ना."

"डोकं सरळ ठेव."

"नलूताई!"

"हलू नगा."

वैजयंती थबकते. नलूताईंनी तिला कधी 'अहो-जाहो' केलेलं नाही. आणि हा आवाज नलूताईंचा नाही.

"हलू नगा म्हनलं न्हवं? सुटंल."

समोर भिंत आहे. तिचीच खोली आहे, पंखा फिरतो आहे, उशी गालाखाली ओली झाली आहे. खिडकीतलं ऊन पिवळं होऊन भिंतीवर आलं आहे. ती जागी आहे, पुरती जागी. आणि तिच्या पाठीमागे, कॉटवर, कुणीतरी गुडघ्यांवर बसलं आहे. छोटी बोटं तिच्या केसांत आहेत. ती केसांचे तीन भाग करताहेत, एकावर एक टाकताहेत आणि प्रत्येक वळणाला असा काही ताण देताहेत की डोळ्यांत पाणी यावं.

वैजयंती हलत नाही. श्वाससुद्धा जपून घेते.

"राणी?"

"हं."

"काय करतेस?"

"येणी."

"कशाला गं?"

बोटं थांबत नाहीत. "तुमी रडत हुता. झोपंत." आणखी एक वळण, आणखी एक हिसका. "आमच्यात जी रडंल तिची येणी घालत्यात."

"कोण घालतं?"

"मोठ्या पोरी. मग रडायचं थांबतंय. हलाय येत न्हाई म्हनून."

वैजयंती डोळे मिटून घेते. म्हणजे संस्थेच्या त्या लांबलचक खोलीत, दिवे गेल्यावर, एखादी पोर रडायला लागली की दुसरी कुणी पोर उठून तिच्या मागे जाऊन बसत असणार. हे नलूताईंनाही ठाऊक नसावं. नाहीतर त्यांनी बैठकीत सांगितलं असतं आणि सगळ्यांना एकमेकांच्या वेण्या घालायला बसवलं असतं.

स्वयंपाकघरात फोन वाजायला लागतो.

बोटं थांबतात. वैजयंती मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, जेवढं दिसतं तेवढं बघते. राणीने शाळेचा फ्रॉक घातला आहे. पाठीला दप्तर आहे, फुगलेलं. आणि कॉटवर, स्वच्छ चादरीवर, तिच्या पायांत बूट आहेत. पोरीने दुपारचा फोन ऐकला होता. दाराआडून सगळं ऐकलं होतं, तयारी केली होती, आणि निघायच्या आधी रडणारी बाई बघून थांबली होती.

"तुमचा फोन," राणी म्हणते. अगदी सरळ आवाजात म्हणते.

"वाजू दे. आधी वेणी होऊ दे."

फोन वाजून वाजून बंद पडतो. राणी जरा वेळ तशीच बसून राहते. मग बोटं पुन्हा चालायला लागतात, आता सावकाश. शेवटाला बांधायला काही नसतं, तेव्हा ती आपल्या केसांतली लाल रिबीन ओढून काढते आणि दोन गाठी मारते. वैजयंती वेणी खांद्यावरून पुढे घेते. वाकडी आहे, वर जाड आणि खाली बारीक, एका बाजूने केस निसटले आहेत. पण आहे. हाताला लागते आहे. ती वेणी मुठीत घट्ट धरते.

फोन पुन्हा वाजतो. या वेळी ती उठते आणि वेणी तशीच मुठीत धरून स्वयंपाकघरात जाते.

"हं, मॅडम. नाही, गाडी नका पाठवू." पलीकडून मॅडम काहीतरी विचारतात. "नाही हो, जमत नाहीच आहे. ते तसंच आहे. पण कुठे पाठवायची नाही तिला. ती इथलीच आहे. मला एक मदत करा, विट्याच्या देवकुळ्यांचा नंबर द्या. आणि ओगलेवाडीच्या बाईंचा. येत्या शनिवारी सगळ्यांना आमच्याकडेच बोलावते म्हणते."

मॅडम काही तरी बोलतात, बहुधा चांगलं बोलतात. वैजयंतीला नीट ऐकू येत नाही, कारण ती मागे बघते आहे. राणी स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसली आहे. तिने एका बुटाचा पट्टा सोडला आहे आणि दुसऱ्याशी झटापट चालली आहे. मोकळ्या झालेल्या केसांची बट तिच्या तोंडावर येते आहे.

"रातच्याला येणी सोडू नगा," ती खाली मान घालूनच बजावते. "सकाळी मी सोडीन."

"बरं," वैजयंती म्हणते.